छप्पर न उडणारा किनारा

वेस्ट इंडिजमधल्या एका बेटाच्या गव्हर्नरला समुद्रकाठी बंगला बांधायचा होता. त्याने भूगोलाच्या म्हाताऱ्या एझ्रा मास्तरांना दरडावलं, "वादळात छप्पर उडत नाही असा किनारा सांगा. चुकलात तर होडीत बसवून बेटाबाहेर हाकलीन!"

मास्तरांनी मनात सगळे किनारे पुन्हापुन्हा ताडून पाहिले, तरी धीर होईना. शेवटी चाचरत म्हणाले, "बहुधा... पूर्वेचा."

"सगळी वादळं तिथंच धडकतात! होडी आणा रे!"

"धडकतात, साहेब. पण तिथले लोक आधीच छप्पर उतरवून वाळूत पुरतात. उडणार काय?"

"मी, गव्हर्नर, स्वतःचं छप्पर उतरवू?"

"नका उतरवू. मग कुठलाही किनारा चालेल. ते काम वादळ करील."

गव्हर्नरने होडी परत पाठवली आणि पूर्वेलाच बंगला बांधला, बिनछपराचा.