दोरूला सोबतीण हवी

एक होती दोरू. सर्दीच्या विषाणूतली दोरी. इवलीशी, बारीकशी, डोळ्यांना न दिसणारी.

एका नाकात होतं एक घर. ओलं ओलं, गिळगिळीत घर. त्या घराचं नाव पेशी. दोरू आत शिरली. सुळुक! शिरताना अंगावरचा कोट गळून पडला. टप्प!

कोट गेला. दोरू उघडी. दोरू एकटी.

घर माणसांनी भरलेलं. पण "आलीस का?" कुणी म्हणेना. "बस गं" कुणी म्हणेना. मोठ्यांना लहान दिसतच नाहीत. पायात आले की मगच दिसतात.

तेवढ्यात आवाज आला. खर्र खर्र! झाडूदादा आला! सुटा धागा दिसला, की झाडला. झाडला, की संपला.

दोरू कोपऱ्यात दडली. "सोबतीण हवी," ती म्हणाली. "अगदी माझ्यासारखी."

पण उघड्यावर सोबतीण कशी बनवणार? झाडूदादा तिलाही झाडणार! छोटीशी खोली हवी. गुपचूप खोली हवी.

दोरू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

भेटली पडदामावशी. लांबच लांब, मऊच मऊ, घरभर पसरलेली.

"मावशी मावशी, खोली दे ना.
सोबतीण येईना,
मी बाई एकटी!"

मावशी म्हणाली, "खोली म्हणजे मला वाकायला हवं. मी नाही वाकत! आजोबा चिमटे विणतील, चिमटे मला ओढतील, तर मी वाकेन."

दोरू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

भेटले विणूआजोबा. गोल गोल आजोबा, हातात सुया.

"आजोबा आजोबा, चिमटे विणा ना.
मावशी वाकेना,
सोबतीण येईना,
मी बाई एकटी!"

आजोबा म्हणाले, "बोटं गारठलीत माझी. मी नाही विणत! चूलकाकू ऊब देईल, तर मी विणेन."

बोटं कसली गारठलीत! दुसऱ्यांचं तर भराभर विणत होते.

दोरू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

भेटली चूलकाकू. लाल लाल गाल, फुरफुर नाक.

"काकू काकू, ऊब दे ना.
आजोबा विणेनात,
मावशी वाकेना,
सोबतीण येईना,
मी बाई एकटी!"

काकू म्हणाली, "आली मोठी ऊब मागणारी! साखर कुठाय? मी नाही पेटत! दारमामा साखर सोडेल, तर मी पेटेन."

दोरू निघाली. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

भेटला दारमामा. दारात बसलेला, जांभया देणारा. बाहेर साखरच साखर. आत मामाचा पाय आडवा.

"मामा मामा, साखर सोड ना.
काकू पेटेना,
आजोबा विणेनात,
मावशी वाकेना,
सोबतीण येईना,
मी बाई एकटी!"

मामा म्हणाला, "आऽऽह! माझं दार बसवलंय मावशीच्या अंगात. मावशी हलेल, तर दार हलेल. मी नाही सोडत! मावशी वाकेल, तर मी सोडेन."

अरेच्चा! पुन्हा मावशी?

दोरू परत गेली. सुळुक... सुळुक...

"मावशी मावशी, वाक ना गं.
मामा सोडेना,
काकू पेटेना,
आजोबा विणेनात,
मावशी वाकेना,
सोबतीण येईना,
मी बाई एकटी!"

मावशी म्हणाली, "सांगितलं ना एकदा? आधी आजोबा!"

मावशी आजोबांसाठी थांबलेली. आजोबा काकूसाठी थांबलेले. काकू मामासाठी थांबलेली. मामा मावशीसाठी थांबलेला. सगळे मोठे. सगळे शहाणे. सगळे थांबलेले!

दोरू खाली बसली. रडू आलं. पण रडलं तर पुसणार कोण?

खर्र खर्र! झाडू आला. खर्र खर्र! जवळ आला. खर्र...

दोरू ताडकन उठली. धावली थेट आजोबांकडे.

आजोबा म्हणाले, "टोपी कुठाय? बिनटोपीचं मी हातात घेत नाही."

घ्या! मघाशी ऊब नव्हती. आता टोपी नाही.

दोरूनं स्वतःलाच मारली एक गाठ. घट्ट! गाठ घेऊन बसली आजोबांच्या सुयांत. गच्च!

आणि काय झालं? सुया चालू झाल्या! आजोबांच्या बोटांना तीच सवय. सुईत आलं, की विणायचं. कुणाचं ते विचारायचं नाही.

दोरूच्या अंगावर मणी होते. लाल, पिवळे, हिरवे, निळे. आजोबा मणी बघत, टाका घालत. टिक् टिक् टिक्! विणली एक पट्टी. लांबच लांब पट्टी. "अरे, थांबवा मला!" आजोबा ओरडले. कोण थांबवणार?

पट्टीतच होती एक कात्री. कचक्! तिनं आधी स्वतःला कापून काढलं. मग कापली सगळी पट्टी. कच कच कच! पट्टीतून निघाले चिमटे. पट्टीतून निघालं दोऱ्या करणारं यंत्र.

चिमट्यांनी मावशीला ओढलं. ओढलं की मावशी वाकली. "आई गं!"
मावशी वाकली, मामाचं दार हललं.
दार हललं, साखर आली. गडगड गडगड!
साखर आली, काकू पेटली. भप्प!
काकू पेटली, ऊब आली.
आणि मावशीच्या वाकात झाली खोली. गोल गोल, गुपचूप खोली!

दोरू आत गेली. यंत्र आत गेलं. झाडूदादा बाहेरच राहिला.

यंत्र चाललं. टकाटक टकाटक! आधी केली उलटी दोरी. उलटीवरून केली सुलटी दोरी. अगदी दोरूसारखी!

दोरू म्हणाली, "खेळायचं?"
सोबतीण म्हणाली, "खेळायचं?"
"तू पळ."
"तू पळ."
"अगं, तू!"
"अगं, तू!"

दुसरी आली. तीही तशीच. तिसरी आली. तीही तशीच. खोली भरली. दोरू एकटीच!

टकाटक टकाटक... खट्! यंत्राला घाई. यंत्र चुकलं. लाल मण्याच्या जागी निळा मणी!

मावशी म्हणाली, "अगंबाई, बिघडली!"
आजोबा म्हणाले, "टाकून द्या!"
काकू म्हणाली, "तरी मी म्हणत होते."
काकू काहीच म्हणत नव्हती.

दोरूनं कुणाचं ऐकलं नाही. ती निळ्या मण्याच्या दोरीजवळ गेली. हळूच म्हणाली, "खेळायचं? तू पळ."

निळ्या मण्याची दोरी म्हणाली, "नाही जा! मी का? तू पळ!"

दोरू दचकली. मग हसली. खुदुखुदु हसली.

"तू पळ!"
"नाही पळणार!"
"का नाही?"
"नाही म्हणजे नाही!"

दोघींचं भांडण जुंपलं,
आपलं सांगणं संपलं.