फेकलेला निखारा

ही गोष्ट खूप जुनी आहे, काड्यापेटी कुणाच्या स्वप्नातही नव्हती तेव्हाची. त्या काळी विस्तव जपावा लागे, तान्ह्या लेकरासारखा.

अशाच एका गावात पाटलांच्या ओसरीवर एक आगटी होती. ती कधी विझू द्यायची नाही, असा नेम. सकाळी घरोघरच्या बाया खापरी घेऊन यायच्या, निखारा न्यायच्या आणि आपापली चूल पेटवायच्या. आगटी राखायचं काम घरातल्या सगळ्यांत नव्या सुनेचं. यंदाची सून नुकतीच लग्न होऊन आली होती. बोलायची कमी, बघायची फार. सासरी बोलण्यावर शंभर डोळे असतात. बघण्याला अजून तरी कुणी अडवलेलं नव्हतं.

पहिल्याच सकाळी तिने बघितलं. वरच्या आळीतल्या बायकांच्या खापरीत सासूबाई निखारा अलगद ठेवायच्या. खालच्या आळीतल्या बायका मात्र अंगणापलीकडच्या पांढऱ्या दगडापाशी थांबायच्या. त्यांचा निखारा चिमट्यात धरायचा आणि फेकायचा. तो धुळीत पडायचा, ठिणग्या उडायच्या, आणि बाई वाकून, फुंकर घालत तो गोळा करायची. कधी पडताक्षणीच विझायचा. मग ओसरीवरून आवाज जायचा, "उद्या ये!"

म्हणजे त्या दिवशी तिच्या घरी चूल नाही.

"सासूबाई, हातात का नाही द्यायचा?" सुनेने विचारलं.

"विटाळ होतो."

"विस्तवाला?"

सासूबाईंनी चिमटा खाली ठेवला. "आलीस त्या दिवशी मुकी वाटली होतीस. बरं वाटलं होतं मला."

पुढे एका पहाटे सासूबाई देवापाशी बसल्या असताना ती निखारा घेऊन थेट दगडापर्यंत गेली. समोर खालच्या आळीतली एक बाई उभी होती. ती दचकून मागे सरली.

"घ्या. खापरी पुढे करा. तुमचं नाव काय?"

बाईने आधी ओसरीकडे बघितलं, मग सुनेकडे. "सगुणा. पण इथं मला 'ए पलीकडची' म्हणतात."

निखारा खापरीत पडला. आणि ओसरीवर खाकरल्याचा आवाज आला. पाटील उभे होते.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते आत आले आणि सासूबाईंना म्हणाले, "सूनबाईंना सांगा, पुन्हा त्या दगडाशी दिसल्या तर बैलगाडी जुंपायला सांगेन. माहेर लांब आहे, पण रस्ता आहे."

सुनेने मान खाली घातली. परत पाठवलेल्या मुलीकडे गाव कसं बघतं, हे तिला ठाऊक होतं. तिच्या मोठ्या बहिणीकडे बघतच ती वाढली होती.

चैत्र लागला. वारा सुटला. छपरांचं गवत वाळून कडकड वाजू लागलं, आणि अंगणाच्या कोपऱ्यात कडब्याची गंज रचली गेली. सून गंजीकडे बघायची, मग चिमट्याकडे. शेवटी तिला राहवलं नाही.

"मामंजी, वारा आहे तोवर तरी निखारा दगडावर ठेवू या. फेकायला नको."

"ठेवायला दगडापर्यंत जावं लागतं," पाटील म्हणाले. "आपल्या घरचं माणूस तिथवर जात नाही. फेकायचं म्हणजे फेकायचं. आजोबांपासून चालत आलंय, तेव्हा वारा नव्हता का?"

त्या दिवसापासून सुनेला चिमट्याला हात लावायची बंदी झाली. फेकायचं काम सासूबाईंकडेच राहिलं.

एके दिवशी गडीमाणसं लांबच्या शेतावर मळणीला गेली होती; पाटील तेवढे घरी होते. सगुणा उशिरा आली. तिचं मूल तापाने फणफणलं होतं आणि सकाळचा निखारा विझला होता, असं तिने दगडापाशीच ओरडून सांगितलं. सासूबाईंनी कुरकुरत चिमटा उचलला आणि निखारा फेकला.

वाऱ्याने तो झेलला. दगडापर्यंत तो पोचलाच नाही. गंजीच्या पायाशी पडला, आणि बघता बघता कडबा पेटला.

ज्वाळा पाटलांच्या छपराला भिडल्या. पलीकडे दुसरं छप्पर, त्याला लागून तिसरं. आळीत म्हातारी माणसं आणि बाया. कुणी घागर शोधत होतं, कुणी देवाला हाका मारत होतं.

तेवढ्यात सगुणाच्या हाकेने खालची आळी धावत आली. हातात घागरी, ओली घोंगडी, छप्पर ओढायचे आकडे. आणि पांढऱ्या दगडापाशी सगळी थबकली.

"पाटील, येऊ का आत?" सगुणा ओरडली.

दगड ओलांडणाऱ्याला गावाबाहेर काढायचं, हा नियम पाटलांनीच राखलेला. ते छपराकडे बघत राहिले. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पाटील, येऊ का?"

सुनेने एकदा दूर जाणाऱ्या रस्त्याकडे बघितलं. मग ती अंगणाच्या मधोमध गेली.

"या!" ती ओरडली. त्या घरात तिचा आवाज इतका मोठा कुणी ऐकला नव्हता. "या, सगुणाबाई! सगळे या!"

सगळे आले. जळतं गवत आकड्यांनी ओढून पाडलं, ओली घोंगडी अंथरली, घागरी हातोहात गेल्या. कोणती घागर कुणाची, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. गंज गेली, पाटलांचं अर्धं छप्पर गेलं, आळी वाचली. भीतीपोटी वरच्या आळीने त्या दिवशी प्रत्येक चूल पाणी ओतून विझवली. आगटी तर राखेचा चिखल झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूर फक्त खालच्या आळीतून निघत होता; तिथे रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकून जपला होता.

पाटील स्वतः खापरी घेऊन निघाले. मागे सासूबाई, त्यांच्यामागे सून. पांढऱ्या दगडापाशी पाय आपोआप थांबले.

त्यांना बघून सगुणा चिमट्यात निखारा धरून आळीतून पुढे आली. तिने पाटलांकडे बघितलं. मग समोरच्या धुळीकडे बघितलं.

सगुणा दगड ओलांडून आली आणि तिने निखारा खापरीत ठेवला.

"वारा आहे, पाटील. जपून न्या."

पाटलांनी खापरी दोन्ही हातांनी धरली. "सगुणाबाई," ते म्हणाले, "पोराचा ताप उतरला का?"

बैलगाडी जुंपली गेली नाही. दगड खणून काढला आणि आगटीजवळ बसायला ठेवला. थंडीत त्यावर बसण्यावरून दोन्ही आळ्यांतल्या म्हाताऱ्यांची भांडणं होऊ लागली. सासूबाईंना मात्र वेळ लागला. निखारा हातात देताना आधी त्या डोळे मिटून घ्यायच्या. पण डोळे मिटून विस्तव देता येत नाही, हे दोनदा बोट भाजल्यावर त्यांनाही पटलं.

बोध एवढाच: माणसाला द्यायचं ते हातात द्यावं; फेकलेलं कुठे जाऊन पडेल, हे फेकणाऱ्याच्या हाती उरत नाही.