तुरा लाल होईना

कागदावर होता एक कोंबडा. अंगठ्याएवढा.
आईनं त्याला प्रिंटरमधून काढलं. खर्र खट्! खर्र खट्!

पिवळी चोच आली. निळी शेपटी आली. काळे काळे डोळे आले.
तुरा मात्र आलाच नाही. डोक्यावर नुसता कोरा कागद!

आईनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. "माझंच काहीतरी चुकलं असणार," असं म्हणून आणखी एकदा दाबलं. मग ती गेली डबा भरायला.

आज जुईच्या बालवाडीत लाल दिवस. प्रत्येकानं लाल चित्र न्यायचं. बाईंनी हे काल झोपायच्या वेळी कळवलं. किती लवकर, नाही?

जुई अजून गाढ झोपली होती. कोंबडा पुटपुटला,
"जुई उठेल. मला बघेल. तुरा नाही, मग मला बदक म्हणेल!"

कोंबडा कागदावरून उतरला. तुडूक तुडूक तुडूक. गेला प्रिंटरच्या आत. आत बसलं होतं प्रिंटरचं डोकं. तेच शाई उडवतं.

"डोकेसाहेब, डोकेसाहेब, शाई द्या.
तुरा लाल होईना!"

डोकं म्हणालं, "वर्षभर काय काढलंत? आधारकार्ड. भाडेकरार. परत आधारकार्ड. सगळं काळं! लाल कुणी मागितला? माझी लाल भोकं सुकली. सुकून बुजली. फडकं मला पुसेल, तर शाई देईन. एरवी प्रिंटरवर घातलेलं लोकरीचं झाकण छान आहे हं. त्यावरचा मनीप्लांटही छान."

कोंबडा निघाला. तुडूक तुडूक तुडूक. गेला फडक्याकडे.

"फडकेताई, फडकेताई, डोकं पुसा.
डोकं शाई देईना,
तुरा लाल होईना!"

फडकं म्हणालं, "मी? कोरडी ठक्क! पाणी मला भिजवेल, तर डोकं पुसेन. तोवर मी घडी घालून सुंदर दिसते."

कोंबडा निघाला. तुडूक तुडूक तुडूक. गेला पाण्याकडे.

"पाणीबाई, पाणीबाई, फडकं भिजवा.
फडकं डोकं पुसेना,
डोकं शाई देईना,
तुरा लाल होईना!"

पाणी म्हणालं, "मी साधीसुधी नाही. जुईसाठी उकळून, गाळून, गार केलेली! गार पाण्यानं सुकलेली शाई सुटते का? गॅस मला तापवेल, तर फडकं भिजवेन."

कोंबडा निघाला. तुडूक तुडूक तुडूक. गेला गॅसकडे.

"गॅसदादा, गॅसदादा, पाणी तापवा.
पाणी फडकं भिजवेना,
फडकं डोकं पुसेना,
डोकं शाई देईना,
तुरा लाल होईना!"

गॅस म्हणाला, "आपला आपण पेटलो, तर घरभर बोंब होईल. बाबा मला पेटवेल, तर पाणी तापवेन. बाबा सोफ्यावर आहे. कामात आहे म्हणे!"

कोंबडा निघाला. तुडूक तुडूक तुडूक. गेला बाबाकडे.

"बाबा, बाबा, गॅस पेटव.
गॅस पाणी तापवेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं डोकं पुसेना,
डोकं शाई देईना,
तुरा लाल होईना!"

बाबा म्हणाला, "अरे, तेच तर बघतोय! 'प्रिंटरचं डोकं कसं पुसावं.' फार छान व्हिडिओ आहे. त्यातले काका अजून 'नमस्कार मित्रांनो' म्हणतायत. फोन मला सोडेल, तर गॅस पेटवेन."

कोंबडा चढला बाबाच्या गुडघ्यावर. तुडूक तुडूक तुडूक. गेला फोनकडे.

"फोनराव, फोनराव, बाबाला सोडा.
बाबा गॅस पेटवेना,
गॅस पाणी तापवेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं डोकं पुसेना,
डोकं शाई देईना,
तुरा लाल होईना!"

फोन म्हणाला, "मी बाबाला धरलंय की बाबानं मला? हा व्हिडिओ संपला की दुसरा. दुसरा संपला की तिसरा. बोका माझ्यावर बसेल, तर बाबाला सोडेन."

कोंबडा थांबला.
बोका?
बोका तर कोंबडे खातो!

आतून आवाज आला. ऊं... ऊं... जुई कूस बदलत होती.

कोंबडा निघाला. तुडूक... तुडूक... तुडूक. गेला बोक्याकडे. डोळे मिटले आणि एका दमात म्हणाला,

"बोकोबा, बोकोबा, फोनवर बसा.
फोन बाबाला सोडेना,
बाबा गॅस पेटवेना,
गॅस पाणी तापवेना,
पाणी फडकं भिजवेना,
फडकं डोकं पुसेना,
डोकं शाई देईना,
तुरा लाल होईना!"

बोक्यानं एक डोळा उघडला. कोंबड्याचा वास घेतला. फुस् फुस्.
"शी, कागद!" बोका म्हणाला. "बसायचंय ना नुसतं? गरम आहे का फोन?"
"गरमागरम!"
"मग आधी नाही का सांगायचं?"

या घरात बोक्याला सगळे आळशी म्हणतात. आणि बोका एकटाच लगेच उठला!

बोका फोनवर बसला. धप्प!
फोननं बाबाला सोडलं. "अरे! काका कुठे गेले?"
बाबानं गॅस पेटवला. चट् चट् भक्क!
गॅसनं पाणी तापवलं. कोमट कोमट.
पाण्यानं फडकं भिजवलं. चुबुक!
फडक्यानं डोकं पुसलं. हळू... हळू... फडक्यावर उमटला लाल लाल डाग.
डोकं म्हणालं, "आहाहा! शाई घ्या!"

कोंबडा कागदावर चढला. आपल्या जागी उभा राहिला. ताठ! डबा भरून आई आली, तिनं कागद आत सरकवला.
खर्र खट्! खर्र खट्!
कोंबडा बाहेर आला. डोक्यावर तुरा. लाल लाल लाल!

बाबा म्हणाला, "बघ! व्हिडिओ बघितला म्हणून जमलं."
आई म्हणाली, "मला वाटलं, मी तीनदा बटण दाबलं म्हणून."
बोका फोनवर पसरला होता. तो घोरत होता. घुर्र... घुर्र...

जुई आली डोळे चोळत. तिनं कागद उचलला. नाकाजवळ धरला.
कोंबड्यानं श्वास रोखला.

जुई म्हणाली, "कोंबडा!"

कोंबडा म्हणाला, "कुकूच्कूऽऽ!"

कोंबड्याला मिळाला तुरा,
गोष्टीचा दोरा झाला पुरा.