नंदिकेचा चुडा

पूर्वी अश्मक देशातील पोतन नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व कासाराच्या कुळात जन्मले होते. बांगड्या भरून घेता घेता बायका आपली सुखदुःखे त्यांच्यापाशी बोलत आणि ती त्यांच्या पोटातच राहत. कासारांमध्ये हे तसे नवलच!

त्याच नगरात नंदिका नावाची मुलगी काकूकडे वाढली होती. ती जन्मली तेव्हाच तिची आई गेली. काकूने तिला जेवूखाऊ घातले, पण ‘आईला खाल्लंस’ हे येता-जाता ऐकवायला ती चुकली नाही. नंदिकेलाही ते खरेच वाटे. कुणी हात धरला की तिचे अंग आखडून जाई.

तिचे लग्न ठरले. चुडा भरायला बोधिसत्त्व आले. पहिली बांगडी चढवताना पिचली. दुसरीही पिचली. नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आता लग्न मोडणार, या धास्तीने नंदिका पांढरीफटक पडली.

काकू बोधिसत्त्वांच्या कानाशी लागली. “कासारदादा, मोठ्या मापाच्या भरा नि मोकळे व्हा. दुप्पट देते.”

“माप बरोबर आहे, बाई. पोरीचा हात आखडलाय. तिचं दुखणं झाकायचे पैसे मी घेत नाही.” मग ते नंदिकेकडे वळले. “एवढी कशाला भितेस, लेकी?”

“मी आईला खाल्लं, दादा. माझ्या हातात शुभाचं काही टिकायचं नाही.”

“त्या दिवशी तू केवढी होतीस?”

हा विचार नंदिकेच्या मनात कधी आलाच नव्हता. “डोळेही उघडले नव्हते,” ती म्हणाली.

“तसलं पोर आत्ता तुझ्या मांडीवर दिलं, तर त्याला काय म्हणशील?”

नंदिका आईसाठी पुष्कळ रडली होती, त्या पोरासाठी कधीच नाही. आज तिला त्याची दया आली. “तुझा काही दोष नाही गं, बाळा,” ती म्हणाली आणि भर मांडवात हमसून हमसून रडली.

बोधिसत्त्वांनी तिला रडू दिले. मग ते म्हणाले, “आईनं तुला पोटात वाढवलं ते तू जगावंस म्हणून. लोकांच्या बोलण्यापेक्षा तिच्या त्या मायेवर श्रद्धा ठेव. आता हात सैल सोड.”

तिने सोडला. चुडा सहज चढला. काकूने मान खाली घातली.

एवढी कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षुसंघाला म्हणाले, “आज बालपणीच्या आठवणींनी खंगलेली ही खेमिका भिक्षुणी म्हणजेच तेव्हाची नंदिका. हिच्या उशाशी बसून सेवा करणारी वृद्ध भिक्षुणी तेव्हा काकू होती, आणि कासार मी होतो. सर्व प्राण्यांविषयी मैत्री बाळगा, असे मी सांगतो. त्या प्राण्यांत तुम्हीही येता. ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता.”