बुरूड आळीचं मोल

डोंगराआडच्या एका राज्यात, राजधानीच्या वेशीबाहेर एक तळं होतं आणि तळ्याच्या काठाला बुरुडांची आळी होती. तळं गाळाने भरलेलं, डासांनी गजबजलेलं. शहरातली माणसं तिथून जाताना नाकाला पदर लावायची. पण बुरुडांचं त्या तळ्यावाचून चालत नसे. बांबू पाण्यात मुरल्याशिवाय त्याच्या कामट्या वाकत नाहीत, आणि कामट्या वाकल्या नाहीत तर टोपली होत नाही. म्हणून त्यांचे आजे-पणजे तिथेच राहिले आणि नातवंडंही तिथेच वाढली.

आळीच्या मधोमध भिवरा राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पदरी एक लहान नात होती. सुपं विणण्यात भिवराचा हात धरणारं कोणी नव्हतं. राजवाड्यातल्या लग्नाची सुपंसुद्धा तिच्याच घरून जायची. जिभेला फटकळ होती, पण कुणाच्या घरी चूल पेटली नाही असं कानावर आलं, की पहिली भाकरी तिच्याकडूनच जायची.

एके वर्षी राजाने तळ्यातला गाळ उपसायला घेतला. आळीतल्या बायाबापड्यांनीही आपल्याच विणलेल्या टोपल्यांतून गाळ वाहिला. काठाला दगडी पायऱ्या झाल्या, बकुळीची झाडं लागली. "आता आपली पोरं तापाने फणफणणार नाहीत गं," भिवरा शेजारणींना म्हणाली.

पोरं फणफणली नाहीत, हे खरं. पण तळ्यावरची गार हवा शहरातल्या सावकारांनाही कळली. एकाने कोपऱ्यावरचं राघू बुरुडाचं घर मागितलं आणि अशी किंमत सांगितली की राघू म्हणाला, "माझंच घर ना? नीट बघा हो!" मग त्याने सामान गाडीत भरलं आणि हसत हसत तो डोंगरापलीकडे गेला. त्याच्या घराच्या जागी दुमजली माडी उभी राहिली.

थोड्याच दिवसांत राजाचा कारभारी आळीत आला. राघूच्या घराला जी किंमत आली, तीच त्याने सगळ्या घरांना लावली. घर जितकं महाग तितकी घरपट्टी जास्त, असा राज्याचा नियम होता.

"अहो, पण माझ्या घरात नवीन काय झालंय?" भिवराने विचारलं. "छप्पर गळत होतं, ते अजून गळतंच आहे."

"बाई, तुझं घर आता सोन्याचं झालंय," कारभारी म्हणाला. "आनंद मान!"

त्या सोन्याने आळीला जीव नकोसा केला. ज्याला पट्टी भरता येईना, तो घर विकू लागला. आणखी एक घर विकलं गेलं की उरलेल्यांची पट्टी पुन्हा चढायची, आणि मग त्यातलं कुणीतरी विकायचं. आळीत बुरुडांपेक्षा माड्या जास्त झाल्या.

एके सकाळी भिवराला शेजारचा म्हातारा तुळाजी दिसला. खांद्यावर बोचकं होतं आणि डोळे पुसत तो दाराला कडी घालत होता.

"तुळाजीबाबा, कुठे निघालात?"

"लेकीच्या गावी. सुपं विणून माझं पोट भरत होतं पोरी, पण पट्टी काही भरत नाही. जन्म इथे काढला, आता मरायला जावयाच्या ओसरीवर."

भिवराने त्याच्या खांद्यावरचं बोचकं काढून घेतलं. "बाबा, अजून कुणी कुठे जायचं नाही. परवा दरबार भरतो. आपण सगळी मिळून महाराजांकडे जाऊ."

ही बातमी कारभाऱ्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. दुपारीच तो भिवराच्या दारात हजर झाला, आणि या खेपेला त्याचा आवाज मधासारखा होता.

"भिवराबाई, तुझी सुपं राणीसाहेबांना फार आवडतात. तुझी घरपट्टी मी जन्मभरासाठी माफ करून देतो, नातीच्या नावानेही. फक्त दरबारात गर्दी घेऊन येऊ नकोस. तू नसलीस तर बाकीचे काही येत नाहीत."

कारभारी गेल्यावर भिवरा उंबऱ्यावरच बसून राहिली. नाही म्हणायला तिचं तोंडच उघडलं नव्हतं. थकलेली पट्टी तिच्याही डोक्यावर होती. आत नात झोपली होती. आपलं घर वाचत असेल, तर जगाची उठाठेव कशाला, असं तिला वाटून गेलं. खोटं का सांगा, चांगलंच वाटून गेलं. मग तिच्या मनात आलं, की उद्या घर माझं राहील, पण हाक कुणाला मारू? नातीला ताप भरला तर धावून कोण येईल? नुसत्या भिंतींना का आळी म्हणायचं?

ती उठली, चावडीवर गेली आणि कारभाऱ्याला चारचौघांत म्हणाली, "मला एकटीला माफी नको. दरबारात भेटू."

दरबाराच्या दिवशी अख्खी बुरूड आळी राजवाड्यात शिरली. तुळाजीही काठी टेकत आला. राजाला नवल वाटलं. "तुमच्या घरांचं मोल वाढलं. मग रडता कशाला?"

"महाराज," भिवरा म्हणाली, "त्या मोलाच्या भाकरी थापता येत नाहीत. घर विकेन तेव्हाच ते मोल माझ्या हातात येणार. आणि मला घर विकायचं नाही, त्यात राहायचंय."

"विकावं की!" कारभारी मध्येच म्हणाला. "दुसरीकडे सुखाने राहावं."

तेवढ्यात मागून एक माणूस पुढे आला. ओळखू येऊ नये इतका तो वाळला होता. तो राघू होता. आळी दरबारात जाणार हे ऐकून तो डोंगर उतरून आला होता. "महाराज, मी विकलं. तिकडे ना तळं, ना बाजार, ना ओळखीचं माणूस. पैसे होते तोवर पाहुणा होतो, ते संपले आणि उपरा झालो."

राजा सिंहासनावरून उतरला आणि म्हणाला, "चल बाई, मला तुझी आळी दाखव."

आळीत आल्यावर राजाने माड्या पाहिल्या. दारं बंद, ओसरीवर पाचोळा.

"इथली माणसं कुठे गेली?"

"ती उन्हाळ्यात येतात महाराज, हवा खायला."

"आणि बाकीचं वर्ष?"

"बाकीचं वर्ष इथे कुलपं राहतात."

राजा तळ्याच्या पायरीवर खाली बसला. "हे तळं मी माझ्या माणसांसाठी स्वच्छ केलं," तो हळूच म्हणाला, "आणि माणसांनाच इथून घालवलं."

त्याने तिथल्या तिथे कारभाऱ्याला हुकूम दिला. जो आपल्या घरात राहतो, त्याची पट्टी पहिल्यासारखी. वाढलेल्या मोलाचा वाटा राजाने घ्यायचा तो घर विकलं जाईल त्या दिवशी, विकणाऱ्याच्या हातात पैसा आल्यावर. आणि कुलूप लावून ठेवलेल्या माडीला मात्र वाढलेल्या मोलाची पुरती पट्टी.

आळीत एकच जल्लोष झाला! कुणी हलगी काढली, कुणी पोरांना खांद्यावर घेतलं. तुळाजी काठी टाकून नाचायला लागला आणि पडता पडता राहिला. राघूचं घर काही परत आलं नाही, पण भिवराने आपली अर्धी ओसरी त्याला कामाला दिली. काही सावकारांनी पुरती पट्टी भरण्यापेक्षा माड्या मिळेल त्या किमतीला विकल्या, आणि लांब गेलेली दोन बिऱ्हाडं वर्षभरात परतली. राजाचा नियम पुढे सगळ्या राज्यात दवंडी पिटून लागू झाला. दवंडी पिटली त्या दिवशी आळीने रस्त्यावरच पंगत मांडली. भिवरा वाढायला उभी होती, आणि "मावशी, आता तुम्ही बसा!" असं सगळ्यांनी ओरडून सांगितलं तरी ती बसायला तयार नव्हती.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: घराची किंमत बाजार ठरवतो, पण वस्ती टिकते ती एकमेकांना न सोडणाऱ्या माणसांमुळे; म्हणून एकट्यापुरती सवलत घेऊ नये, सगळ्यांसाठी न्याय मागावा.