गवराक्काच्या हाताची आंबील

फार मागची गोष्ट. इतकी मागची, की तेव्हा चिलारवाडीच्या ओढ्याला भर उन्हाळ्यातही पाणी असायचं आणि लिंबाईला देऊळ नव्हतं, नुसता कडुलिंब होता. त्या काळी गावात गवराक्का राहत होती. तिच्या हाताला अशी चव, की तिने नुसती भाकरी मोडून पुढे ठेवली तरी रुसलेला माणूस मुकाट्याने जेवायला बसायचा, असं म्हणतात.

चैत्रात लिंबाईची जत्रा भरायची. ज्वारीच्या पिठाची आंबील आदल्या दिवशी मोठाल्या हंड्यांत शिजायची, निवायची, आणि सकाळी ताक, मीठ, लसूण घालून कालवायची. पळीने नव्हे हं! मानाच्या बाईने कोपरापर्यंत हात बुडवून कालवायची. हा मान गवराक्काचा. त्या दिवशी तो हात राखेने घासायचा नाही अशी रीत होती. राख भांड्यांना, मानाच्या हाताला नुसतं तीर्थ. तळहातावर थेंबभर, की झालं. मग सगळं गाव वाट्या घेऊन बसायचं आणि म्हणायचं, "आक्का, अजून एक पळी!"

पुढं आक्काच्या मुलाचं लग्न झालं. घाटापलीकडून केशर नावाची सून आली. तिच्या अंगाची हळद उतरली नाही, तोच आक्का मुदतीच्या तापाने अंथरुणाला खिळली. डोळे खोल गेले, जिभेवर साय धरल्यासारखा थर आला. नव्या नवरीने माहेरची आठवण गिळली आणि सासूच्या उशाशी बसून राहिली. चमच्याने पेज पाजली, घाण काढली, तळपाय चोळले. आक्का उठून बसली तेव्हा म्हणाली, "तू सून नाहीस गं, मागच्या जन्मीची माझी आई आहेस."

पण त्या वर्षीची जत्रा झाली, चार दिवस बरे गेले आणि मग ताप गावात शिरला. दुसऱ्या वर्षीही जत्रेमागोमाग आला. तिसऱ्याही. आक्काला भीती नव्हती, ती तापातून उठलेली बाई. घरोघर जायची, कढत पेज करून पाजायची. तिच्या पेजेने माणसं उठून बसायची, असं म्हणतात. सगळी नाही. काही लहानगी उठली नाहीत.

आता शेजारणींचं तुम्हाला ठाऊकच आहे. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय याचा वास त्यांना आधी येतो, आणि काय करपतंय याचा त्याच्याही आधी. पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली.

"केशर आली आणि ताप आला."

"पांढऱ्या पायाची गं बाई ती!"

केशर आली की बाया घागरी उचलून चालू लागायच्या. ती बिचारी खाली मान घालून एकटीच पाणी भरायची. आक्काच्या काळजाला घरं पडायची.

एका वर्षी जत्रा तोंडावर आली असताना गाईने ढुशी दिली आणि आक्काचा उजवा हात मोडला. आक्का म्हणाली, "माझ्या घरचा मान माझी सून करील." बायांनी तोंडं फिरवली, वाट्या पालथ्या घातल्या. मग आक्काने पहिली वाटी स्वतः पिऊन दाखवली, म्हातारी म्हातारी माणसं पुढं झाली, आणि शेवटी पोरांना कोण आवरणार? सगळ्यांनी आंबील प्यायली. त्या वर्षी ताप आला नाही. लोक म्हणाले, "देवी पावली." केशर पावली असं कुणीसुद्धा म्हणालं नाही.

पुढच्या वर्षी केशर बाळंतपणाला माहेरी गेली. आक्काचा हात बरा झाला होता. तिने मोठ्या हौसेने आंबील कालवली. आणि ताप असा आला, की घर सुटलं नाही. गुरवाची चिमी, आक्काच्या मागे मागे फिरणारी, आक्काच्याच मांडीवर गेली.

गाव लिंबाखाली बसलं. "माहेरात बसून नजर लावली तिने," असं ठरलं. "आता पोर घेऊन येऊ दे, शिवेवरून माघारी लावायची."

आक्का घरी येऊन चुलीपुढं बसली. कुणी म्हणतात लिंबाई तिच्याशी बोलली. जुन्या बाया म्हणतात, देवी कुठली बोलते. बाईचं काळीजच बोललं. सून गावात नव्हती, तरी ताप आला. सुनेचा हात आंबिलीत होता, तेव्हा आला नाही. मग प्रत्येक तापाच्या वर्षी त्या हंड्यात हात कुणाचा होता? कढत पेज प्यायलेली माणसं वाचत होती. गार आंबील प्यायलेली पडत होती. आक्काने आपले तळहात उलटे-सुलटे करून पाहिले. स्वच्छ दिसत होते. चिमीच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास अजून त्यांना होता.

गप्प बसली असती, तर कुणाला कधी कळलं नसतं. तिचा मान राहिला असता. सून मात्र गेली असती, आणि नात.

केशरची गाडी शिवेवर आली तेव्हा माणसं काठ्या घेऊन उभी होती. गुरव ओरडला, "गाडी माघारी फिरवा!" बैल बिचकले. केशरने दुपट्यातलं बाळ छातीशी आवळलं. तेवढ्यात आक्का गर्दीतून पुढं झाली आणि गाडीसमोर उभी राहिली.

"गुरवदादा, तिचे पाय काय बघताय? माझे हात बघा."

मग तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, की रडली नाही. शेवटी म्हणाली, "माझा ताप गेला, पण त्याचं बी माझ्यात राहिलं. तुमच्या चिमीला ते मीच वाढलं, दादा. मला ठाऊक नव्हतं."

केशर गाडीतून उतरली आणि बाळ पुढं केलं. "आत्याबाई, घ्या की नातीला."

आक्काने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको गं बाय. आधी ऊन पाणी आण. राख आण."

सगळ्यांचे डोळे गुरवाकडे लागले. तो वळला आणि चालू लागला. लोकांना वाटलं, गेला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याच्या एका हातात वाफाळतं तपेलं होतं, दुसऱ्या हातात आपल्याच चुलीतली राख. तपेलं केशरच्या हातात दिलं आणि राख स्वतः आक्काच्या ओंजळीत घातली.

केशर पाणी घालत गेली, आक्का कोपरापर्यंत हात घासत गेली. ते पाणी जिथे सांडलं तिथली हरळी जळाली, आजही तिथे गवत धरत नाही, असं म्हणतात. मग आक्काने नातीला घेतलं, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

त्यानंतर आक्काने गार अन्नाला हात लावला नाही. जे करायची ते चुलीवरून थेट पानात, फुंकून फुंकून खायचं. ती पुष्कळ जगली आणि ताप फिरून त्या गावात आला नाही. आता शाळेतली मुलं सांगतात, त्या बियाला जंतू म्हणतात. माणूस बरा होतो, पण कधी कधी जंतू पोटात बिऱ्हाड करून राहतात, मालकाला पत्ता लागू देत नाहीत. असेल. आक्काने पुस्तकाशिवाय ओळखलं, कारण तिला सून हवी होती.

चिलारवाडीत आजही चैत्रात आंबील होते. आता ती लाकडी चाटूने, चुलीवर उकळतानाच घोटतात आणि वाफ असतानाच वाढतात. त्याआधी सगळं गाव शिवेवरच्या त्या बोडक्या जागेवर जमतं. पहिलं तपेलं गुरवाच्या घरून येतं. सासवा हात पुढं करतात, सुना ऊन पाणी घालतात. साबण आला तरी चिमूटभर राख लागतेच. आणि त्या वर्षी घरात तान्हं असेल, तर त्याला सुनेकडून घेण्याआधी सासू ओले हात उन्हात धरते आणि विचारते, "घेऊ का गं?"