कच्च्या स्लॅबखालचा टेकू

एकदा एका म्हाताऱ्या गवंड्याने आपल्याच हातांनी ओतलेल्या स्लॅबचा टेकू चौथ्या दिवशी काढायला घेतला. ज्याने कधी घर बांधलेलं नाही त्यालाही सांगतो, शुद्धीवरचा माणूस असलं काम करत नाही. स्लॅब वरून दगडासारखा दिसतो, आत कच्चा असतो. आतून भरून पुरता घट्ट होईपर्यंत त्याचा भार खाली टेकू म्हणून उभ्या केलेल्या लाकडी बल्ल्यांनी पेलायचा असतो.

त्या मिस्त्रीच्या हाताखाली रावजी नावाचा शिष्य होता. शिष्य म्हणजे पोर नव्हे, चांगला बत्तीस वर्षांचा बाप्या. त्याची मुलगी मैना, वय सात. तिच्या मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, जो खुब्यात बसतो, त्याला रक्त मिळेनासं झालं आणि तो मऊ पडला. डॉक्टरांनी सांगितलं, हाड नव्याने भरेल, पण वर्षं लागतील. तोवर त्या पायावर भार द्यायचा नाही. म्हणून पायाला कॅलिपर, म्हणजे भार पेलणारा लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, आणि काखेत कुबड्या.

त्या सकाळी रावजी घमेलं खाली ठेवत म्हणाला, "मिस्त्री, उद्या पोरीचा कॅलिपर काढतो. घरी पूजा आहे. सगळे सोयरे येणार."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"अजून वर्षभर ठेवा म्हणतो. त्याला काय जातंय? दोन महिने झाले, पोर दुखतंय म्हणालेली नाही. काल भिंतीला धरून चार पावलं टाकली तिनं."

स्लॅबवर पाणी मारणाऱ्या गिरजाबाईला मिस्त्रीने खाली बोलावलं आणि लांब उभं केलं. मग हातोडा घेऊन एकटाच स्लॅबखाली शिरला. मधल्या बल्लीच्या बुडाशी ठोकलेल्या पाचरेवर त्याने घाव घातला.

"अहो मिस्त्री, ती मधली आहे."

दुसरा घाव. पाचर बोटभर सरकली. वरून रेती सांडली. गिरजाबाईने तोंडाला पदर लावला.

रावजी धावत आत गेला आणि त्याने म्हाताऱ्याचं मनगट धरलं.

"हात सोड," मिस्त्री म्हणाला.

"नाही सोडत. चारच दिवस झालेत."

"वर जाऊन चालून बघ. पायाला कुठे मऊ लागतं का?"

"वरून कडकच लागणार. आत भरला नाही अजून. आज भार आला तर बाक येईल, आणि मग तो बाक जन्मभर जायचा नाही. तुम्हीच शिकवलंत की."

एवढं बोलला आणि रावजीला मैनाचा पाय आठवला. मनगट मात्र त्याने सोडलं नाही.

मग रावजी खाली मान घालून म्हणाला, "स्लॅबला कुणी पांगळा म्हणत नाही, मिस्त्री."

"नाही म्हणत. टेकू पोरीच्या पायाला आहे आणि टोचतोय तुझ्या नाकाला. दुखणं थांबलं म्हणजे हाड भरलं, हे तुला कुणी सांगितलं? गोळा गोलच भरेल असं मीही म्हणत नाही, डॉक्टरही म्हणत नसेल. पण दाबून चपटा झाला तर ते दैव नव्हे. ते तुझं काम."

रावजीने हातोडा काढून घेतला आणि पाचर परत ठोकून बसवली. मग एकेका बल्लीला हात लावून सगळ्या तपासल्या. मिस्त्री वाळूच्या ढिगावर जाऊन बसला.

संध्याकाळी मैनाने विचारलं, "उद्या काढायचा ना, बाबा?"

"नाही."

"तू कबूल केलं होतंस."

"चुकलं माझं. डॉक्टर सांगतील तेव्हाच काढायचा."

तिने कुबडी भिरकावली, जेवली नाही, बापाशी बोललीही नाही. पूजेला तशीच फुगून दारातल्या खुर्चीत बसली, कॅलिपर घालून, सगळ्यांसमोर. एका मावशीने आवाज बारीक करून विचारलं, "पोरीला काय झालंय हो?"

रावजीने आवाज बारीक केला नाही. "खुब्याचं हाड भरतंय," तो म्हणाला. "वेळ लागतो. प्रसाद घ्या."

तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर लोकांना काय सांगायचं ते आधी ठरवा. नाहीतर टेकू पाडायचा हातोडा तुमच्याच हातात येतो.